खाद्यपदार्थ आणि वाइनच्या मोठ्या ट्रेड शोला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा अशा प्रदर्शनाला निघालेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक गोष्टींपासून आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ट्रेड शो म्हणजे फूड फेस्टिव्हलच ना? तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं का?

नाही. फेस्टिव्हल खवय्यांसाठी असतो. ट्रेड शो असतो तो माल बनवणारे आणि घाऊक घेणारे यांची गाठ पडावी म्हणून. ड्युसेलडॉर्फचं प्रोवाइन, व्हेरोनाचं विनइटली, पॅरिसचं सियाल, कोलोनचं आनुगा, दुबईचं गल्फूड ही सगळी याच जातकुळीतली. आयातदार, वितरक, दुकानदार, हॉटेल-रेस्टॉरंटवाले, शेफ, सोमेलिए (रेस्टॉरंटमधले वाइनचे जाणकार) अशांना प्रवेश असतो आणि आपण त्यांतले कोण, हे नोंदणी करताना कागदानिशी दाखवावं लागतं. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत.

नुसता आस्वाद घ्यायचा असेल तर त्याच सुमारास शहरात होणारे खुले कार्यक्रम शोधा. विनइटलीच्या दिवसांत व्हेरोना शहरात सर्वसामान्य रसिकांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. तिथे तुम्हाला जास्त मजा येईल आणि स्टॉलवाल्यांचाही वेळ जाणार नाही.

२. माझा व्यवसाय अजून सुरू व्हायचाय. मला प्रवेश मिळेल का?

बऱ्याचदा मिळतो. कंपनीची नोंदणी झाली असेल तर तो कागद, व्यवसायाच्या नावाचा ईमेल आणि काय करणार आहात याच्या दोन-चार ओळी एवढं पुरतं. नोंदणीच झालेली नसेल तर आयोजकांना आधी लिहून विचारा. हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी आणि पत्रकार यांच्यासाठी पुष्कळ ठिकाणी वेगळी सोय असते.

आत गेल्यावर मात्र जे आहात तेच सांगा. स्टॉलवरची माणसं आधी बॅज वाचतात, मग चेहऱ्याकडे बघतात. ‘सहा महिन्यांत दुकान सुरू करतोय, सुरुवातीला कमी माल लागेल’ असं सरळ सांगितलं तर छोटे उत्पादक आवर्जून वेळ देतात. मोठ्या आयातदाराचा आव आणला तर तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडता.

३. प्रदर्शन दरवर्षी असतं का? आणि किती दिवस ठेवावेत?

सगळी दरवर्षी नसतात. प्रोवाइन आणि विनइटली दरवर्षी भरतात. सियाल पॅरिस सम वर्षी आणि आनुगा विषम वर्षी असतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढं नक्की बघा. हॉटेलं फार लवकर भरतात, तेव्हा शेजारच्या गावातली, रेल्वेने जोडलेली खोली बघायला कमीपणा मानू नका.

दिवसांचं म्हणाल तर दोन पूर्ण दिवस ठेवा. पहिल्या दिवशी ठरलेल्या भेटी आणि ओळख, दुसऱ्या दिवशी आवडलेल्या ठिकाणी पुन्हा. दुसऱ्या भेटीतच खरं बोलणं होतं, म्हणून एका दिवसात सगळं उरकण्याच्या मी विरोधात आहे. हॉल उघडल्यानंतरचा पहिला तास सोन्यासारखा. गर्दी नसते, जीभ ताजी असते आणि समोरचा माणूसही दमलेला नसतो. शेवटच्या दिवशी दुपारनंतर महत्त्वाची भेट ठेवू नका (शेवटच्या दिवसाबद्दल प्रश्न १४ पाहा).

४. आधी तयारी काय करायची? तिथे गेल्यावर बघू, असं चालणार नाही का?

चालेल, पण पाय दुखण्यापलीकडे हाती फारसं लागणार नाही. आनुगासारख्या प्रदर्शनात हजारो स्टॉल असतात. दिवसाला पंधरा जागी नीट थांबता आलं तरी पुष्कळ झालं. बाकीचं फक्त बघत जायचं.

म्हणून आधी एक वाक्य कागदावर लिहा: मी तिथून काय घेऊन येणार? ‘नवीन काहीतरी बघायचंय’ हे वाक्य नव्हे. ‘माझ्या रेस्टॉरंटला ग्लासवारी विकता येईल अशी, फार जड नसलेली रेड वाइन आणि तिचा नियमित पुरवठा करणारा माणूस’ हे वाक्य. ते लिहिलंत की अर्धे हॉल आपोआप गळतात.

मग प्रदर्शनाच्या वेबसाइटवरची किंवा ॲपमधली यादी घेऊन बसा. देश, पदार्थ, प्रमाणपत्र असं गाळून नावं काढा आणि तीन-चार आठवडे आधी ईमेल करा. ईमेल छोटा हवा: तुम्ही कोण, कुठल्या बाजारात विकता, काय हवंय, कुठल्या दिवशी किती वाजता याल. भेटी अर्ध्या तासाच्या ठरवा आणि दोन भेटींमध्ये निदान वीस मिनिटं मोकळी सोडा. एका हॉलच्या टोकापासून तिसऱ्या हॉलच्या टोकापर्यंत चालायला तेवढी सहज लागतात. भेटी हॉलवार लावल्या तर पायपीट निम्म्याने कमी होते.

आणि रोज एक तास कोरा ठेवा. कोपऱ्यातला, यादीत नीट नावही नसलेला उत्पादक त्याच तासात सापडतो.

५. कपडे कसे घालावेत?

नीटनेटके आणि गडद रंगाचे. रेड वाइनचे शिंतोडे कुणाच्या ना कुणाच्या हातून उडतातच. बूट जुने, पायाला सरावलेले घाला. सेंट, आफ्टरशेव्ह, वासाचं हँडक्रीम यांतलं काहीही नको, कारण त्या वासामुळे तुमचीच नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्या चार जणांची चाखणी बिघडते. गडद लिपस्टिकही टाळा, ग्लासच्या कडेला लागली की पुढच्या घोटात येते.

६. वाइन थुंकायची म्हणतात. ते असभ्य दिसत नाही का?

तिथे न थुंकणारा माणूसच नवखा ठरतो. हे मनावर घ्या, कारण अख्खा दिवस यावर अवलंबून असतो. ओतलेला प्रत्येक घोट साधारण २५ ते ३० मिलिलिटर असतो. असे पंचवीस घोट गिळले तर ७५० मिलिलिटरची जवळजवळ एक बाटली पोटात गेली. तीही दुपारच्या जेवणाआधी.

पद्धत अशी. ग्लासमध्ये घेतलेल्या वाइनचा आधी वास घ्या, मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा घ्या. छोटा घोट तोंडात घेऊन जिभेवर, गालांच्या आत, हिरड्यांपर्यंत फिरवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. पाच-सात सेकंदांनी थुंकदाणीवर वाकून, ओठांचा चंबू करून, एका दमात बारीक धार सोडा. हळू सोडली तर हनुवटीवरून ओघळते. घरी पाण्याने बेसिनमध्ये चार दिवस सराव केला की जमतं. थुंकदाणी लांब असेल तर कागदी कप हातात ठेवा. ग्लासमध्ये उरलेली वाइनही तिथेच ओतायची. उत्पादकाला त्याचं वाईट वाटत नाही.

थुंकली तरी थोडा अल्कोहोल शरीरात जातोच. त्यामुळे प्रदर्शनानंतर गाडी चालवू नका. दर तासाला पाणी प्या आणि जेवण चुकवू नका.

७. एका दिवसात किती वाइन चाखता येतात? क्रम काय असावा?

सराव नसेल तर तीस-चाळीसनंतर जिभेवर भरवसा ठेवू नये, असं माझं मत आहे. रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, तोंड कोरडं आणि तुरट होत जातं, आणि मग पुढची प्रत्येक वाइन खरी आहे त्याहून खडबडीत वाटते. पाणी, साधा पाव आणि दहा मिनिटं स्वस्थ बसणं, एवढाच उपाय.

क्रम सर्वसाधारणपणे स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड वाइन. प्रत्येक स्टॉलवर हा क्रम पाळला की दिवसभर उलटसुलट उड्या होतात. म्हणून सकाळी फक्त व्हाइट आणि स्पार्कलिंगचे स्टॉल, दुपारनंतर रेड, अशी विभागणी करा. ग्लास बहुतेक ठिकाणी तिथेच मिळतो. आयएसओ ३५९१ या मानकातला, वर निमुळता होणारा, सुमारे २१५ मिलिलिटरचा छोटा ग्लास याच कामासाठी ठरवलेला आहे.

दातांचं सांगायचं राहिलं. वाइन आम्ल असते, तिचा पीएच साधारण ३ ते ४ असतो, दिवसभरात दातांवरचं एनॅमल मऊ पडतं. संध्याकाळी हॉटेलवर पोचल्या पोचल्या ब्रश करू नका. पाण्याने चूळ भरा आणि तासाभराने करा.

८. वाइन आणि खाद्यपदार्थ दोन्ही बघायचेत. एकाच दिवशी जमेल का?

जमेल, पण सकाळी वाइन, नंतर खाणं. चीज, चॉकलेट, तळलेलं, तिखट यांची चव तोंडात रेंगाळते, स्निग्ध पदार्थांचा थर जिभेवर बसतो आणि त्यावर घेतलेली वाइन खोटी बोलते. विक्रेत्यांना हे चांगलं माहीत असतं. वाइनबरोबर चीजचा तुकडा पुढे करणारा नेहमी पाहुणचारच करत असतो असं नाही. चीजमुळे वाइनचा तुरटपणा आणि खडबडीतपणा झाकला जातो. विकत घ्यायची वाइन आधी नुसती चाखा, मग तुकडा घ्या.

ऑलिव्ह तेलाच्या स्टॉलवर मात्र आवर्जून थांबा, शिकण्यासारखं खूप आहे. तिथे गडद निळा, छोट्या वाटीसारखा ग्लास देतात, कारण तेलाचा हिरवा-पिवळा रंग दिसला की मन आधीच निकाल देऊन मोकळं होतं. ग्लासवर झाकण ठेवून, तळहातात धरून ऊब द्यायची. अधिकृत चाचणीत तेल २८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. मग झाकण काढून वास, छोटा घोट, दातांतून हवा ओढणं. शेवटी घशाला जो झणका बसतो तो दोष नव्हे, ताज्या आणि चांगल्या तेलाचा गुण आहे. पहिल्यांदा चाखणारे नेमकं तेच तेल नापसंत करतात.

९. मी दारू पीत नाही. जाऊन उपयोग आहे का?

नक्कीच. निम्म्याहून जास्त निर्णय भाव, पुरवठा, टिकाऊपणा आणि माणूस बघूनच होतात. वाइनच घ्यायची असेल तर चाखणारा भरवशाचा सहकारी बरोबर न्या, बोलणी तुम्ही करा. नुसत्या वासावरूनही बरंच कळतं. गरोदर असाल तर वासावरच थांबा, थुंकण्यावर विसंबू नका. नाही म्हणताना कारण सांगायची गरज नाही. ‘मी फक्त वास घेईन’ एवढं पुरतं.

१०. मी शाकाहारी आहे. वाइनचा प्रश्न यायचं कारण नाही ना?

येतो. वाइन नितळ करायला काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेलं आयझिनग्लास वापरतात. ते गाळाबरोबर तळाशी बसतं आणि काढून टाकतात, पण वापर तर झालेला असतो. काही जण बेंटोनाइट ही माती वापरतात, काही जण काहीच वापरत नाहीत. तेव्हा ‘नितळ करायला काय वापरता?’ असंच थेट विचारा. फक्त ‘व्हेजिटेरियन आहे का?’ विचारलंत तर द्राक्षाचीच असते, असं हसून उत्तर मिळेल.

अंडं किंवा दुधाची ॲलर्जी असेल तरी हाच प्रश्न विचारा. युरोपीय संघात लिटरला १० मिलिग्रॅमहून जास्त सल्फाइट असतील तर लेबलवर लिहावं लागतं. ८ डिसेंबर २०२३ पासून तयार झालेल्या वाइनला घटकांची यादीही द्यावी लागते, ती बहुधा क्यूआर कोडमागे असते. खाण्याच्या वानग्यांवर मात्र लेबल नसतं. गंभीर ॲलर्जी असेल तर बशीतलं काहीही विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. एकच सुरी आणि एकच चिमटा सगळ्या पदार्थांत फिरत असतो.

११. स्टॉलवर नेमकं काय विचारायचं? मला भाव विचारायला संकोच वाटतो.

संकोच सोडा, तो माणूस भाव सांगायलाच तिथे उभा आहे. दोन-तीन गोष्टी चाखून झाल्या आणि रस असेल तर विचारा. रस नसेल तर ‘छान आहे, पण माझ्या ग्राहकांना चालणार नाही’ म्हणून आभार माना. पाच मिनिटांत दिलेला नकार हा मोठा शिष्टाचार आहे.

भाव ऐकताना तो कुठपर्यंतचा, हे कळल्याशिवाय आकडा लिहून घेऊ नका. एक्सवर्क्स म्हणजे माल कारखान्याच्या दारात, पुढचं सगळं तुमचं. एफओबी म्हणजे विक्रेता जहाजावर चढवून देणार. सीआयएफ म्हणजे तुमच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा त्याच्याकडे. इथे पुष्कळ जण फसतात: सीआयएफमध्ये भाडं तो भरत असला तरी माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. या संज्ञांचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे इनकोटर्म्स, सध्या त्यांची २०२० ही आवृत्ती चालते. कागदावर वर्षासकट लिहून घ्या.

मग किमान ऑर्डर किती? पेट्यांत सांगितली तर पॅलेटमध्ये (पेट्या रचून उचलायच्या लाकडी फळ्यांच्या हिशेबात) विचारा, कारण वाहतुकीचा हिशेब तसाच होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये आकाराप्रमाणे १० किंवा ११ पॅलेट एका थरात मावतात. तेवढा माल झेपत नसेल तर ‘माझ्या देशात आधीच जाणाऱ्या एखाद्या खेपेत माझा माल टाकता येईल का?’ हे विचारा. लहान व्यावसायिकाला सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न हाच.

खाद्यपदार्थ असेल तर टिकण्याची मुदत विचारा, आणि ती मोजायची कधीपासून तेही. बारा महिने मुदतीच्या मालातले दोन-तीन महिने प्रवासात आणि कस्टममध्ये जाऊ शकतात. अन्नसुरक्षेची प्रमाणपत्रं, म्हणजे आयएसओ २२०००, बीआरसीजीएस, आयएफएस वगैरे, पुस्तिकेवरच्या शिक्क्यावर सोडू नका. चालू वर्षाची प्रत ईमेलने मागवा.

१२. फोटो काढले तर चालतं का?

विचारून. बाटलीच्या लेबलचा फोटो काढू द्यायला कुणी नाही म्हणत नाही. नवीन पॅकिंग, यंत्रं आणि भावाची यादी यांचे फोटो न विचारता काढणं सरळ गैर आहे, आणि कित्येक प्रदर्शनांच्या नियमांत त्याला मनाई असते.

१३. एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? संध्याकाळी डोक्यात सगळं एकत्र होतं.

लक्षात राहत नाहीच, तेव्हा लिहायचं. स्टॉल सोडण्याआधी, तिथेच उभं राहून. माझी पद्धत सांगते: आधी स्टॉल क्रमांकाच्या पाटीचा फोटो, मग लेबलचा, मग भेटलेल्या माणसाच्या कार्डाचा. त्याच क्रमाने, म्हणजे रात्री फोन उघडला की आपोआप गठ्ठे पडलेले असतात. वहीत चवीबद्दल एकच ओळ, भाव आणि त्याचा प्रकार, किमान ऑर्डर, आणि निर्णय: हो, नाही किंवा उद्या पुन्हा. ‘बघू’ असा रकाना ठेवू नका, सगळं त्यातच जाऊन पडतं.

चवीची ओळ तुमच्या भाषेत लिहा. पुस्तकी विशेषणांपेक्षा ‘हिरव्या सफरचंदाची साल, शेवटी जरा कडवट, पहिल्या स्टॉलपेक्षा हलकी’ हे दोन महिन्यांनीही कळतं. बॅज स्कॅन करू दिला म्हणजे तुमची माहिती त्यांच्याकडे गेली, त्यांची तुमच्याकडे आली असं नव्हे. कार्ड मागून घ्याच.

१४. शेवटच्या दिवशी उरलेला माल स्वस्तात मिळतो म्हणे?

बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत स्टॉलवर किरकोळ विक्री करायला बंदी असते, त्यामुळे पैसे पुढे करून उत्पादकाला अडचणीत आणू नका. ज्याच्याशी दोन दिवस बोलणं झालं आहे तो आपणहून एखादी बाटली हातात ठेवेल, ती आनंदाने घ्या. पिशव्या घेऊन दारोदार फिरणारे लोक मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतात, आणि पुढच्या वर्षीही त्यांना त्यासाठीच ओळखतात.

१५. वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. सांगावं का?

सांगावं, हळू आवाजात. बहुधा तो बुचाचा दोष असतो. टीसीए नावाचं संयुग लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ‘ही बाटली तुम्ही एकदा बघाल का?’ एवढंच म्हणा. जाणता उत्पादक वास घेऊन लगेच दुसरी उघडतो आणि आभार मानतो. दुसऱ्या बाटलीतही तोच वास आला तर मात्र विषय वाढवू नका, पुढे चला. वाइन नुसती गरम झाली असेल तर तो दोष मालाचा नाही, हॉलमधल्या उकाड्याचा आहे. थंड बाटली मागा.

१६. बाटलीवर सुवर्णपदकाचं स्टिकर आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

कुठल्या स्पर्धेचं आणि कुठल्या वर्षाच्या वाइनचं, हे दोन प्रश्न विचारा. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या म्हणजे ओआयव्हीच्या आश्रयाखालच्या स्पर्धांत एकूण नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक वाइनना पदक देता येत नाही. सगळ्याच स्पर्धांना असं बंधन नसतं. पदक मागच्या हंगामाला मिळालेलं आणि विकायला आणलेली वाइन या हंगामाची, असंही दिसतं. दुकानात स्टिकरचा उपयोग होतो हे खरं, पण खरेदी तुमच्या जिभेवर आणि वहीवर करा.

१७. मिळालेल्या बाटल्या विमानातून आणता येतील का?

चेक-इन सामानातून, बंद बाटल्या असतील तर. बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरची मर्यादा असते. विमान सुरक्षेच्या नियमाप्रमाणे २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर वेगळी मर्यादा नाही, म्हणजे वाइन यात बसते. २४ ते ७० टक्क्यांमधल्या मद्याला माणशी ५ लिटर, आणि त्यावरचं नेताच येत नाही. हे झालं विमानाचं. कस्टमची मर्यादा वेगळी असते आणि ती देशागणिक बदलते. वानगी फुकट मिळाली असली तरी तिला सूट नसते. मांस आणि दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं तर अनेक देशांत थेट जप्त होतात. त्यापेक्षा पत्ता देऊन सॅम्पल कुरिअरने, योग्य कागदांसह मागवा.

१८. मला स्वतःचा माल तिथे दाखवायला न्यायचाय. एटीए कार्नेवर नेता येईल का?

स्टॉलची मांडणी, यंत्रं, फलक यांसाठी कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याचा कस्टमचा कागद, उत्तम, कारण ते परत येणार असतं. चाखायला द्यायचा माल मात्र त्यात बसत नाही. कार्नेची अटच अशी की नेलेली वस्तू मुदतीत परत न्यायची, आणि खाल्लेला पदार्थ परत नेता येत नाही. त्यासाठी त्या देशाच्या आयात नियमांप्रमाणे वेगळे कागद करावे लागतात. प्रदर्शनाने नेमलेल्या फॉरवर्डरशी (मालवाहतूक आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या एजंटशी) दोन-तीन महिने आधी बोला.

१९. परत आल्यावर किती दिवसांत संपर्क करावा?

आठवड्याच्या आत. ईमेलमध्ये लेबलचा फोटो, स्टॉलवर काय बोलणं झालं त्याची एक ओळ आणि एकच ठोस मागणी ठेवा: सॅम्पल, भावाची यादी किंवा प्रमाणपत्राची प्रत. ज्यांना नकार द्यायचाय त्यांनाही दोन ओळी लिहा. ऑर्डर पक्की करण्याआधी तोच माल घरी, ताज्या तोंडाने, जेवणाबरोबर पुन्हा चाखा. हॉलमधल्या गोंगाटात आवडलेल्या कितीतरी गोष्टी स्वयंपाकघरात फिक्या पडतात.

२०. स्टॉलवरच ‘तुमच्या देशाचे एकमेव वितरक व्हा, आत्ता सही करा’ म्हणाले. करावी का?

तिथे नको. एकमेव हक्काबरोबर वर्षाला अमुक पेट्या उचलण्याची अट येते. ती पूर्ण झाली नाही तर काय, करार मोडायचा कसा, वाद झाला तर कुठल्या देशाचा कायदा, हे उभ्याउभ्या ठरत नाही. खरंच रस असेल तर सहा महिने चाचणीचा काळ मागा, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला माल न देण्याचं लेखी आश्वासन घ्या, आणि मसुदा वकिलाला दाखवा. शहाणा उत्पादक तेवढं थांबतो.

२१. प्रदर्शनाच्या नावाने ईमेल आलाय: ‘आलेल्या सर्व खरेदीदारांची यादी विकत देतो.’ दुसऱ्या एकाने कंपनीची माहिती ‘फक्त तपासून सही करून’ पाठवायला सांगितलंय.

दोन्ही जुने सापळे आहेत. पहिल्यातली यादी बहुतेक वेळा बनावट असते, आयोजक अशी यादी परक्या माणसांमार्फत विकत नाहीत. दुसरा जास्त घातक, कारण फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सही केली म्हणजे निर्देशिकेतली काही वर्षांची जाहिरात तुम्ही विकत घेतली, आणि मग वसुलीच्या धमक्या सुरू होतात. सही करू नका, उत्तरही देऊ नका. आयोजकांच्या मूळ वेबसाइटवरून त्यांचा पत्ता घेऊन तो ईमेल त्यांच्याकडे पाठवा. सही आधीच झाली असेल तर घाबरून पैसे भरू नका, आधी वकिलाला गाठा.